गाईडपट्टीमागचे दोन दाणे

अण्णा, यंदाही खंडेनवमीला मी गाईडपट्टीवर अक्षता टाकल्या नाहीत. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, नारळ फोडला. कारागीर म्हणाला, "ताई, अक्षता ऱ्हायल्या की." मी म्हटलं, "राहू देत." तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. केडगावातलं हे सुतारकामाचं दुकान माझं आहे, पण बेंच तुमचाच, आणि पट्टी टेकवायचे त्यावरचे दोन ठोकळेही तुम्हीच ठोकलेले. पूजेसाठी काढलेली पट्टी दसऱ्यानंतर परत बसवताना मी आधी ब्रशनं ठोकळे झाडते, पट्टी त्यांना भिडवते, शिकंजे आवळून ती पक्की करते आणि दोन्ही टोकांना गुण्या लावून काटकोन बघते. "एका टोकावर भरवसा ठेवायचा न्हाई," हे तुमचंच वाक्य. पट्टी जेवढी वाकडी, तेवढंच तिच्या कडेनं धावणारं कटर वाकडं जातं, आणि कापलेलं लाकूड परत सांधता येत नाही. शिकवलंत चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दुसरी आहे.

सात वर्षं मी, तुमची सख्खी मुलगी, त्या बेंचवर तुमच्या शेजारी उभी होते. त्या खंडेनवमीला सगळी हत्यारं पुसून, मांडून मी पूजेचं ताट घेऊन उभी आहे, आणि तुम्ही ते माझ्या हातातून काढून चुलतभावाच्या हातात देता. "तू राहू दे. तू उद्या सासरी जानार. हत्याराच्या पूजेला घरचं मानूस लागतं." त्याला रंधा कुठल्या बाजूनं धरतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. त्यानं मूठभर ओल्या अक्षता पट्टीवर, बेंचवर, ठोकळ्यांवर भिरकावल्या, लग्नात फेकतात तशा. सात वर्षं भुसा मी खाल्ला आणि घरचं माणूस तो!

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हिवरे बाजारकडचं एक गिऱ्हाईक सकाळीच टेम्पो घेऊन दारात हजर. कपाटाची सहा दारं, सागाच्या प्लायची, त्याच दिवशी बसवून हवी होती. तुम्ही घाईघाईत पट्टी लावलीत, जवळच्या टोकाला तेवढा गुण्या टेकवलात, "घे कापून" म्हणालात आणि त्यांच्याबरोबर समोर चहाला गेलात. दुपारी त्यांच्या घरी दारं बसवली, तर दोन दारं मिटली की वर चिकटत होती आणि खाली सूतभर फट. तिन्ही जोड्यांची तीच गत. त्यांच्या घरातली सगळी माणसं बघत होती. तुम्ही फटीवरून नख फिरवलंत आणि त्यांच्यादेखत म्हणालात, "माझंच चुकलं. पोरीच्या हातात मशीन दिलं."

पण मला ते वाक्यही एवढं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शिकंजे सोडता, पट्टी मागं ओढता. मी कोपऱ्यात पॉलिशपेपर घासत बसले आहे. पलीकडच्या ठोकळ्याला कुंकवानं लाल झालेले दोन दाणे चिकटलेले. तुम्ही ते बघता, फुंकर मारता, आणि माझ्याकडे बघता. मी मान खाली घालते. मला वाटतं, आता हाक माराल. हाक मारलीत, ती चुलतभावाला. "ये, तुला पट्टी बसवायला शिकिवतो." चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत, अण्णा, आणि तीही सगळं कळल्यावर. लग्न होईपर्यंत मी पॉलिशच केलं. तो घरचा माणूस दोन वर्षांत पुण्याला कंपनीत चिकटला. तुम्ही गेल्यावर हा बेंच न्यायला कुणी फिरकलं नाही. सासरहून टेम्पो घेऊन मीच आले.

हे पत्र मी याआधीही लिहिलंय आणि दर वेळी इथवर येऊन फाडलंय. आजचंही कुणाला दाखवायचं नाही, म्हणून पुढचं लिहिते. मी संन्यासी नव्हते. ते दाणे मी तुमच्याआधी पाहिले होते. कटर सुरू करण्यापूर्वी मी पलीकडच्या टोकाला गुण्या लावला, तुम्ही शिकवलंत तसा. गुण्या आणि पट्टीच्या मधून उजेड दिसला, म्हणजे पट्टी तिरकी. वाकून पाहिलं तर मागं दोन लाल दाणे. नखानं निघाले असते. घरच्या माणसानं टाकलेत, राहू देत, असं मनात आलं. वाटलं, चहा पिऊन याल, नेहमीसारखं पहिलं दार मोजाल, तुमचं तुम्हालाच दिसेल आणि म्हणाल, "पोरी, आता तूच बसव पट्टी." पहिलं दार कापून मी थांबले. बराच वेळ थांबले. समोरच्या टपरीवरून तुमचं हसणं ऐकू येत होतं. मग मी उरलेली पाचही दारं कापली.