वांग्याच्या भाजीतलं मीठ

सर, आज नववीच्या इंग्रजीच्या वह्या तपासता तपासता माझं डोकंच फिरलं. डायरेक्टचं इनडायरेक्ट करायला दहा वाक्यं दिली होती. अर्ध्या वर्गानं 'आय'चा 'आय'च ठेवला, 'टुमारो'चा 'टुमारो', अन् प्रश्नाचं विधान झालं तरी शेवटी प्रश्नचिन्ह लटकलेलंच. मी टेबलावर डस्टर आपटून ओरडले, "अरे, बोललं कोण अन् सांगतंय कोण, हे तर बघा आधी!" ओरडून झाल्यावर लक्षात आलं की हे वाक्य माझं नाहीच, तुमचं आहे. दारव्ह्याच्या तुमच्या ओसरीवरचं, सकाळी सहाच्या शिकवणीतलं. मधल्या सुट्टीत पोरं बाहेर गेली, मी लाल पेन बाजूला ठेवला अन् टाचणवहीच्या मागच्या पानावर हे लिहायला बसले.

तुम्हाला आठवत असेल, अब्बांचं बसस्टँडजवळ गाड्या दुरुस्तीचं दुकान होतं. तुमची लुना तिथंच यायची, म्हणून त्यांनी मला तुमच्याकडे घातलं. तुम्ही पुस्तकातली वाक्यं कधी घेतलीच नाहीत. एकाला उठवायचे, इंग्रजीत एक वाक्य बोलायचे, ते त्यानं इनडायरेक्ट करायचं अन् मग आत स्वयंपाकघरात जाऊन काकूंना आपल्या बोलीत सांगायचं. काकू जे म्हणतील ते ओसरीवर आणून पुन्हा इंग्रजीत. माझ्या पहिल्याच दिवशी तुम्ही इंग्रजीत म्हणालात, "मी आज जेवायला उशिरा येईन." मी आत पळाले अन् धापा टाकत म्हणाले, "काकू, मी आज जेवायला उशिरा येईन." काकूंनी परातीतून मान वर केली. "ये ना वं. तुले कोण नाही म्हणते?" ओसरीवर हशा पिकला अन् मला रडू फुटलं. तुम्ही मात्र हसला नाहीत. म्हणालात, "निरोप नेतानी स्वतःले इथं चटईवर ठेवून जायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही, अन् त्यातलं काही खायचं नाही." त्यानंतर मी 'आय' कधी चुकले नाही. 'टुमारो'ही नाही, कारण तुम्ही दर वेळी सांगायचे, "ज्यानं उद्या म्हटलं, त्याचा उद्या निरोप पोचेस्तोवर निघून गेला राहते."

तीन वर्षं मी याला अभ्यास समजत होते, इतकी बावळट! दहावीत तुमच्या शेजारच्या मावशींनी सांगितलं तेव्हा कळलं. मी शिकवणीला यायच्या आधी उमरखेडला काकूंची आई अंथरुणाला खिळली होती. काकूंना जायचं होतं, पण शाळेत परीक्षा सुरू होत्या अन् तुम्ही म्हणालात, "आठ दिवसांनी जा, माह्या डब्याचं काय?" सहाव्या दिवशी आई गेली. तेव्हापासून काकू तुमच्याशी थेट एक शब्द बोलल्या नव्हत्या. तुम्हाला गरम भाकरी मिळायची, शर्टाला इस्त्री व्हायची, पण बोलणं नाही. तुम्हाला लेकरूबाळ नव्हतं, म्हणून निरोप न्यायला आम्ही पोरं. आम्ही इंग्रजी शिकत होतो की तुमचा संसार चालवत होतो, देव जाणे.

अन् मग ते तीन दिवस. मी बारावीत होते. तुमच्या छातीत दुखायला लागलं म्हणून यवतमाळच्या दवाखान्यात ठेवलेलं, जवळ तुमचा पुतण्या. काकू आल्या नाहीत, पण पहाटे उठून डबा करायच्या अन् तो मी जीपनं घेऊन जायची. तिसऱ्या दिवशी वांग्याची भाजी होती. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मीठ कमी घातलेलं. तुम्ही दोन घास खाल्ले, पुतण्याला औषधं आणायला पाठवलं अन् मला जवळ बोलावलंत. "तिले सांग, तवा तिले जाऊ द्यायले पाहिजे होतं. चूक माहीच होती. अन् विचार, एकदा येते का मले भेटायले." मी मान हलवली. तुम्ही माझा हात धरलात. तोवर कधी धरला नव्हता. "जसंच्या तसं सांगजो पोरी. इनडायरेक्ट नको करू."

जीपमध्ये मी ते वाक्य घोकत आले, खरंच सांगते. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तर तिथं गल्लीतल्या चार बाया पापड लाटायला बसलेल्या. काकूंनी हातातलं लाटणं थांबवलं. "काय म्हणले वं?" चारही बाया माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. सतरा वर्षांची मी. एवढ्या मोठ्या माणसाची माफी अशी पापडांमध्ये कशी मांडू? उद्या सकाळी डबा घ्यायला येईन तेव्हा काकू एकट्या असतील, तेव्हा सांगू, असं मनात आलं अन् तोंडातून निघालं, "भाजीत मीठ कमी झालं म्हणाले." बाया खदखदून हसल्या. "घ्या! माणूस खाटेवर, अन् ध्यान मिठावर!" काकूही हसल्या. मग पीठ झटकत उठल्या अन् हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाल्या, "उद्या मीच डबा घेऊन येतो म्हणावं. लई झालं आता." म्हणजे त्या येणारच होत्या, सर. तुम्ही विचारायच्या आधीच त्यांचं ठरलं होतं. तुमचा निरोप माझ्याजवळ राहिला, त्यांचा तुमच्यापर्यंत न्यायला मला दिवस मिळाला नाही.

सकाळी मी आले तेव्हा काकू हिरवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या, हातात डबा. दवाखान्यातून फोन नुकताच येऊन गेला होता. शेजारच्या मावशी डबा घ्यायला बघत होत्या अन् काकू सोडत नव्हत्या. "आज मीठ बराबर टाकलं व्हतं न वं," एवढंच त्या म्हणत राहिल्या, कितीतरी वेळ. मी तुळशीपाशी उभी. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं.

आता मी घाटंजीला शिकवते, केसांत पांढरं आलंय. तुमच्या तिथीला दर वर्षी दारव्ह्याला जाते. काकू वांग्याची भाजी करतात, तुमच्या फोटोपुढं ताट ठेवतात. भाजी खारट असते, मुद्दाम खारट केलेली. मीही ती मुकाट्यानं खाते. दर वर्षी त्या विचारतात, "आखरीले अजून काही म्हणले होते काय वं? नुसतं मिठाचंच?" अन् दर वर्षी मी "नुसतं मिठाचंच" म्हणते. आधी वाटायचं त्यांना त्रास होईल. खोटं आहे ते. मला भीती वाटते. त्या मला लेकीसारखं जवळ घेतात, अन् त्यांनी "एवढे वर्ष काहून नाही सांगितलं?" असं विचारलं तर मी कुठं तोंड लपवू? मी एका माणसाचा एवढा मोठा शब्द खाल्ला, अन् रोज वर्गात उभं राहून पोरांच्या 'टुमारो'वर लाल रेघा मारते. लाज वाटते, सर. तुम्हाला लिहून तरी काय होणार? ज्यांना सांगायचंय त्या जिवंत आहेत, एस.टी.नं दोन-अडीच तासांच्या अंतरावर. हे पान कुठंच जाणार नाही, टाचणवहीत राहील.

परवा तिथी होती. काकूंचे हात आता थरथरतात, डोळ्यांनाही कमी दिसतं. चुलीपासून बाजूला सरकल्या अन् म्हणाल्या, "यंदा तूच कर वं भाजी. त्यायचा आखरी डबा तुह्याच हातानं गेलता." घरात आम्ही दोघीच. कोणी हसायला नव्हतं, पापड नव्हते, तुमचं वाक्य जसंच्या तसं तोंडाशी आलं होतं. काकूंनी मिठाचा डबा चाचपडत माझ्याकडे सरकवला. "सढळ हातानं टाक. त्यायले कमी लागलं व्हतं." मी टाकलं. मग त्यांनी बोटावर रस्सा घेऊन चाखला, फोटोकडे पाहिलं अन् मला विचारलं, "झालं न आता त्यायच्या मनासारखं?"

मी हो म्हणाले.