पोटातले भाडेकरू

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. साष्टांग घालणार होतो, पण सध्या पोट माझं एकट्याचं राहिलेलं नाही, तेव्हा त्याच्यावर भार टाकून पालथं पडणं बरं दिसत नाही. (खुलासा पुढे येतोच.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? अजून त्यांना येता-जाता थर्मामीटर लावतेस, की नर्सची नोकरी सुटल्यापासून वॉर्ड थोडा सैल सोडला आहेस? पत्र पाहून दचकू नकोस, आम्ही दोघंही ठीक आहोत. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी नुसतं 'साखर' म्हटलं की पुढचं सगळं तूच बोलून टाकतेस आणि माझ्या वाट्याला 'हो ताई' एवढंच उरतं. पत्राचं बरं असतं, ते मध्येच तोडता येत नाही.

तर मूळ मुद्दा. गोळ्या आता पुऱ्या पडत नाहीत, इन्सुलिन सुरू करायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. हे तुला हिने कळवलंच असेल (मला शिंक येण्याआधी तुझ्यापर्यंत बातमी जाते, तो भाग वेगळा). तू हिला दिलेलं उत्तरही मला वाचून दाखवण्यात आलं. 'त्याला म्हणावं, लहान आहेस का आता?' हे वाक्य तर हिने चवीने दोनदा वाचलं. पण ताई, मी नाही म्हणालोच नव्हतो. दुसरा काही मार्ग आहे का, एवढंच विचारलं. आता बाई पडल्या तरुण आणि हौशी. त्यांनी कागदावर आतड्याचं चित्र काढून दाखवलं. म्हणाल्या, काका, आपल्या आतड्यात असंख्य जिवाणू राहतात. मधुमेह असलेल्यांच्या पोटात ही वस्ती थोडी निराळी आढळते. भाज्याडाळींचा चोथा खाऊन जगणारे आणि त्या बदल्यात शरीराच्या उपयोगी पडणारे जे गुणी जिवाणू असतात, ते कमी दिसतात, आणि शरीर इन्सुलिनला कितपत दाद देतं याच्याशी त्यांचा संबंध असावा. यापुढेही त्या बरंच बोलल्या. ते मी ऐकलं नाही, कारण मला गुन्हेगार सापडला होता.

तूच सांग, इतकी वर्षं सगळ्यांनी मला धारेवर धरलं. चहात साखर घालतो, जिना चढत नाही, दिवसभर दुकानात वाकून घड्याळं उघडत बसतो. आणि निघालं काय, तर पोटातले चांगले भाडेकरू जागा सोडून गेलेत आणि राहिलेत ते नुसते जागा अडवून बसलेत. घरमालकाचा यात काय दोष? मी ठरवलं, चांगली कुटुंबं परत आणायची. त्या दिवसापासून मी सालासकट फळं, कोंड्यासकट पीठ आणि देठासकट भाजी खाऊ लागलो. (ही म्हणाली, आता कचऱ्याच्या डब्याला काय घालू?) पहिले काही दिवस भाडेकरूंनी असा काही गृहप्रवेश केला, की गिऱ्हाइकाशी बोलताना मला एखाद्या घड्याळाचे टोले मुद्दाम सुरू करावे लागत. त्याचं वर्णन नको, तू जेवायला बसली असशील.

मग कुठेतरी वाचलं, की कोबी मिठाच्या पाण्यात आंबवला तर त्यात गुणी जिवाणू आपसूक वाढतात. कृती सोपी होती: कोबी चिरा, मीठ चोळा, बरणीत दाबून भरा आणि हवा लागू देऊ नका. आता ताई, 'हवा लागू देऊ नका' हे घड्याळजीला सांगायची गोष्ट आहे का? पाणबुड्यांच्या मनगटावरची घड्याळं मी हवाबंद करून दिली आहेत, पाण्याचा थेंब आत जात नाही. मी बरणीच्या तोंडाच्या मापाची रबरी चकती कापली, तिला ग्रीस लावलं, वरून पत्र्याची पट्टी आवळून स्क्रू पिळले आणि बरणी बादलीत बुडवून पाहिली. एकही बुडबुडा नाही. इतकं देखणं काम माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. घरात वास नको म्हणून हिने बरणीला बाहेरचा रस्ता दाखवला, तेव्हा ती मी दुकानात, कामाच्या टेबलावरच्या फळीवर, छान ऊन येतं तिथे ठेवली.

एक गोष्ट मात्र त्या कृतीत लिहिलेली नव्हती (किंवा असेल, मी चष्मा न लावता वाचली). ही मंडळी श्वास सोडतात. आंबताना वायू होतो आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते. घड्याळ बिचारं कधी काही सोडत नाही, त्यामुळे तो विचारच मनात आला नाही.

बरणी फुटली ती भर दुपारी. झाकण सुटून समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेतून आरपार गेलं. छतापासून जमिनीपर्यंत कोबी. शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊनच धावत आला आणि त्याच्या मागे अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक. हे सगळं मी हसत सोसलं असतं, पण टेबलावर एक मनगटी घड्याळ उघडून ठेवलेलं होतं. डॉक्टरीणबाईंचं. त्यांच्या वडिलांची आठवण म्हणून त्या वापरतात आणि दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाहीत. ते खाऱ्या पाण्यात नाहून निघालं होतं आणि ते न्यायला आलेल्या बाई दारात उभ्या होत्या.

त्या चिडल्या नाहीत, हेच वाईट झालं. केसातला कोबी काढत त्यांनी मी न ऐकलेला अर्धा भाग शांतपणे पुन्हा सांगितला. संबंध आढळला म्हणजे औषध सापडलं असं नसतं. जिवाणू बदलल्यामुळे मधुमेह होतो की मधुमेहामुळे जिवाणू बदलतात, याचाच अजून शोध चालू आहे. भाज्या, डाळी, सालं खुशाल खा, पण ती इन्सुलिनच्या जागी नाही. मी मान डोलवत होतो आणि हात घड्याळाकडे चालले होते, कारण खारं पाणी आत राहिलं तर पोलाद गंजायला वेळ लागत नाही.

आता लिहितो ते हिला ठाऊक आहे, तुला नाही. मी डोळ्याला भिंग लावलं आणि मला स्क्रू दिसेना. टेबल दिसत होतं, चिमटा दिसत होता, स्क्रूच्या जागी नुसतं धुकं. बरेच दिवस असं होतंय. म्हणून हल्ली मी भिंतीवरची मोठी घड्याळंच घेतो आणि बारीक कामाला वेळ नाही असं सांगतो. बाईंना तेवढं नाही म्हणता आलं नव्हतं. तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या हिने ते पाहिलं. मग पदर खोचून शेजारी बसली, माझ्या हातातला चिमटा घेतला आणि म्हणाली, 'सांगा.' मी सांगत गेलो, ती उचलत गेली, पुसत गेली, परत बसवत गेली. काम होईपर्यंत बाई पाठ करून रस्त्याकडे पाहत उभ्या होत्या. घड्याळ चालू झालं. मी मात्र फार घाबरलो होतो. साखर वर-खाली होते तेव्हा असं अंधुक दिसू शकतं, पण डोळ्यांचा पडदा लगेच तपासून घ्या, आता टाळू नका, असं बाई जाताना म्हणाल्या. डोळे गेले तर मी करू काय, ताई? मला दुसरं काही येतच नाही.

असो. बाकी सर्व क्षेम. दुकानाला अजून कोबीचा वास येतो आणि गिऱ्हाईक घड्याळ टाकून लगेच काढता पाय घेतं. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : इन्सुलिन आणलं आहे. फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात आहे. सुई अगदी बारीक असते हे मला सांगू नकोस. त्याहून बारीक वस्तू मी जन्मभर हाताळल्या, पण त्यांतली एकही माझ्या अंगात घुसली नाही.

ता. क. दुसरा : खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो. तू ये. पहिली सुई तू दे. ही द्यायला तयार आहे, बाईही आहेत, पण त्यांच्यासमोर मला रडता येणार नाही. तू येईपर्यंत मी थांबतो.

ताईंना नमस्कार. यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पत्र पोचणार कधी, तुमचे गुडघे प्रवासाला तयार होणार कधी, तोवर सुई टळली, असा हा बेत. पहिली सुई मी आत्ताच दिली. टोचली ते यांना कळलंही नाही. रडले मात्र नंतर, पुष्कळ, आणि माझ्यासमोरच. डोळे तपासायला उद्या जातो आहोत. तुम्ही सवडीने या, पण या. रडताना 'ताई ताई' चाललं होतं.