सोफ्यावरची मधली जागा

अप्पर हट, न्यूझीलंड, शनिवार

प्रिय नितीश,

सप्रेम नमस्कार राहू दे, आज आधी भांडण. तू ऑपरेशनसाठी तिकडे गेल्यापासून फोनवर आई तुझ्या शेजारी असतात, म्हणून पत्र.

काल त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली, तर म्हणाल्या, "गुडघा बरा आहे गं, पण तो फुटबॉलचा कोच गाव सोडून गेला, मला रडूच आलं." म्हणजे त्या अमेरिकन शाळेची आपली सिरीज तू आईंबरोबर पुढे बघितलीस! एकमेकांशिवाय एकही भाग बघायचा नाही, असं कोणी ठरवलं होतं? माझा कोच अजून गावातच आहे.

वर आई कौतुकानं सांगतात, "नितीश प्रत्येक वाक्य मराठीत समजावतो हो." मी खेळाचा एक नियम विचारला की तू "बघ ना, कळेल" म्हणायचास. सासूवर जळतेय मी, तेही ऑपरेशन झालेल्या! हसू नकोस.

बाकी मी मजेत. हॉस्पिटलच्या फार्मसीत काम भरपूर आहे, हीटर दुरुस्त झालाय. भात मात्र अजून दोघांपुरताच लावते.

आज समोरच्या शाळेच्या मैदानावर रग्बी होती. छत्र्या घेऊन सगळं गाव लोटलं होतं, अगदी सिरीजमधल्यासारखं. आपल्या गावची मुलं जिंकली तेव्हा मी तुला सांगायला वळले, तर शेजारी कोणाचा तरी कुत्रा.

आई जिना चढतात का आता? डॉक्टर हो म्हणाले की त्यांनाही घेऊन ये. पहिल्या भागापासून बघू, खुशाल मराठीत सांग त्यांना. पण सोफ्यावर मधे मी बसणार.

आईंना नमस्कार. तुला तूर्तास काही नाही.

देवयानी