अकरा पेपरवाल्या मॅडम

वारूळवाडी,
बुधवार, जेवणानंतर

ती. अंजनाअक्का,

तुला आणि दाजींना धाकट्या राजरत्नचा मनापासून जय भीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींची साखर उतरली का, की अजून चहात गुपचूप चालूच आहे? आमच्याकडे यशोधरा मजेत आहे, म्हणजे माझ्यावर रोजच्याइतकीच चिडलेली आहे. फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. (लहानपणापासून देत नाहीस. तक्रार नाही, नोंद आहे.) म्हणून हे स्पीड पोस्टाने टाकतोय.

तर तू सोपवलेल्या कामाचा अहवाल. आपली प्रज्ञा डॉक्टर झाली, आता तिला रेडिओलॉजीत पुढचं शिकायचंय आणि मार्कांवर दोन कॉलेजं मिळण्यासारखी आहेत. तू म्हणालीस, राजा, तू तालुक्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढलेस, दोन्हीकडचे विभागप्रमुख कोण आहेत, कुठले आहेत, किती शिकलेत, संशोधन काय केलंय, ते जरा बघ. अक्का, एकतीस वर्षांत मला कोणी 'जरा बघ' म्हणालं नव्हतं. सगळे 'लवकर काढा' म्हणायचे. मी त्याच संध्याकाळी नवी वही आणली आणि रकाने आखले: नाव, जन्मगाव, शिक्षण, पेपर, शेरा. (पेपर म्हणजे परीक्षेचे नव्हेत. डॉक्टर लोक शोध लावून मासिकांत छापतात ते.)

पहिलं कॉलेज मुंबईकडचं, मोठं. तिथले प्रमुख डॉ. डी. बी. साहेब. दोन वर्षं कॅनडात शिकून आलेले. त्यांचं नाव मोबाइलवर टाकलं तर सत्त्याण्णव पेपर निघाले. मी खुर्चीत सरळ बसलो. मेंदूतल्या रक्तस्रावावर होते, सीटी स्कॅनवर होते, आणि त्यानंतर एकामागून एक टोमॅटोवर होते. टोमॅटोची साल, टोमॅटोचा पिकण्याचा रंग, फळ पोखरणारी अळी. मी म्हटलं, काय माणूस आहे! आतला गर बघायला टोमॅटो मशीनमध्ये ठेवत असणार. शेऱ्यात लिहिलं, 'व्यासंग अफाट'. यशोधरेलाही मोठ्याने वाचून दाखवत होतो, तेवढ्यात शेजारचा कुशाबा पाण्याची पाळी विचारायला आला. (त्याचा दीड एकर टोमॅटो आहे आणि त्या दीड एकरावर तो दिवसभर बोलू शकतो.) तो उंबऱ्यावरच थबकला. म्हणाला, "राव, हे तर आमचे शेतीचे सायब! माज्या वावरात दोनदा येऊन गेल्यात. अळीवर लई काम हाय त्यांचं. दवाखान्यात कवा गेले ते?"

अक्का, आडनाव तेच, आद्याक्षरं तीच, माणसं दोन. रात्रीचं जेवण बाजूला ठेवून मी एकोणसाठ टोमॅटो वेचून बाहेर काढले. डॉक्टरसाहेबांचे अडतीस उरले. अडतीससुद्धा थोडे नाहीत, पण सत्त्याण्णववरून खाली आल्यावर माणूस उगीचच खट्टू होतो. साहेबांचा यात काडीचा दोष नाही. त्यांनी टोमॅटो लिहिल्याचा दावा कधीच केला नव्हता.

दुसरं कॉलेज पुण्याचं. तिथे प्रमुख डॉ. पुष्पा मॅडम. पेपर अकरा. मी चष्मा पुसून पुन्हा मोजले, अकराच. जन्मगावाच्या रकान्यासाठी शोधलं तर त्या आपल्या डिंभ्याच्या निघाल्या, मेंढपाळाच्या घरातल्या. म्हटलं, हे तर समक्ष बघून येण्यासारखं आहे. नारायणगावहून मंचर, मंचरहून घोडेगाव इथपर्यंत बिनघोर झालं. पुढची एसटी 'येईल' असं कंट्रोलर म्हणाला. कधी ते मी विचारलं, तर तो माझ्याकडे अशा दयेने बघायला लागला की मी माल उतरवून परतणाऱ्या मासळीच्या टेम्पोत बसलो. मॅडमच्या दारात पोचलो तेव्हा आधी माझा वास पोचला आणि मग मी.

घरी त्यांच्या आई तुकाबाई आणि भाऊ म्हस्कू होते. म्हस्कूकडे अजून साठ मेंढ्या आहेत. पाणी झालं, चहा झाला, मी वही उघडली. मुलीचं वय काय, शिक्षण कुठे झालं, भावंडं किती, स्वभाव कसा आहे. तुकाबाईंनी प्रत्येक प्रश्नाला पदर सारखा करत नीट उत्तर दिलं आणि शेवटी माझ्या वहीकडे बघत हळहळून म्हणाल्या, "पावणं, समदं खरं, पर तिचं लगीन हून वीस वर्सं झाली. तुमी लई उशिरा आलात."

म्हस्कू हसत हसत मेंढ्यांकडे निघून गेला तो परत आलाच नाही. मी खरं कारण सांगितल्यावर तुकाबाई मोकळ्या झाल्या. पुष्पा दहावीत असताना तिच्या वडिलांचं, दादाभाऊंचं, पोट फुगायला लागलं. चार वर्षं कोणी गॅस म्हणालं, कोणी दारू म्हणालं. (दादाभाऊ दारूला शिवत नव्हते, ते दुःख वेगळंच.) दर खेपेला निघालेल्या फिल्मा पुष्पा काखेत धरून चालायची. घरी आली की दाराच्या उजेडाला लावायची. "त्या काळ्या कागदात बा कुटं दिसतो का म्हून बघत बसायची," तुकाबाई म्हणाल्या. शेवटी पुण्यात एकाने सोनोग्राफी केली आणि यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ सापडली. मेंढरांपासून कुत्र्याला आणि कुत्र्यापासून माणसाला होणारी. ऑपरेशन झालं आणि दादाभाऊ पुढे एकोणीस वर्षं मेंढरांमागे चालले.

आता मॅडमना भेटणं आलं. सोमवारी पहाटेच्या गाडीने पुण्याला गेलो. दारावरच्या मावशी म्हणाल्या, मॅडम कामात आहेत, पेशंट असाल तरच आत. म्हणून मी पोट दुखतं असं सांगून केस पेपर काढला. (खोटं बोललो. त्याची शिक्षा लगेच झाली.) सोनोग्राफी लिहून मिळाली आणि एक लिटर पाणी पिऊन बसायला सांगितलं, लघवीला जायचं नाही. अक्का, एकतीस वर्षं मी लोकांना 'हलू नका, श्वास रोखा' म्हणत आलो. त्या सगळ्यांची बाकावर बसल्या बसल्या मी मनातून माफी मागितली. दोन तास! माझ्यासमोर नळ गळत होता.

आत एका शिकाऊ डॉक्टर मुलीने पोटावर गार जेली लावून तपासणी सुरू केली आणि थोड्या वेळाने मॅडम आल्या. बुटक्या, आवाज हळू, पायात साध्या चपला. मुलगी पटकन निदान सांगायला गेली. मॅडम म्हणाल्या, "निदान राहू दे. आधी दिसतं काय ते सांग." मग विचारलं, यांचं नाव काय? मुलगी कागद शोधायला लागली. "कागदाला नको, त्यांना विचार." मी पडल्या पडल्या नाव सांगितलं. त्यानंतर मॅडमनी त्या मुलीचा हात हातात धरून माझ्या पोटावर असा फिरवला, जसं आपल्या आईने तुला पहिली भाकरी थापायला शिकवली होती. चूक सांगितली, पण मुलीचं तोंड एवढंसं झालं नाही. एवढ्या वर्षांत मी बरेच साहेब पाहिले. असं शिकवताना कोणाला पाहिलं नव्हतं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, तुमचे पेपर अकराच कसे?"

मागे उभी असलेली शिकाऊ मंडळी छताकडे बघायला लागली. मॅडम हसल्या. "अकरा? मी दहाच समजत होते. अकरावा कुठे सापडला?"

मग मी सगळं कबूल केलं. प्रज्ञा, दोन कॉलेजं, वही, डिंभे, आणि पोट दुखत नाही हेसुद्धा. डी. बी. साहेबांचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "ते माझे सर. मशीन कसं धरायचं ते त्यांनी शिकवलं." आणि मॅडमच्या अकरांतल्या सगळ्यात मोठ्या पेपरची हकीकत निघाली. मेंढपाळांच्या गाठी वेळेत शोधायच्या होत्या, पण सोनोग्राफीचं मशीन गर्भलिंग तपासणीच्या कायद्यामुळे दवाखान्याबाहेर नेता येत नाही. म्हणजे मेंढपाळांनीच मशीनकडे यायला हवं. मेंढपाळ म्हणाले, येतो, पण मेंढरं कोणावर सोडू? मग ती पण आली. पहिल्या वर्षी एकशे चाळीस मेंढरं कॉलेजच्या आवारात बसली आणि डीनसाहेबांचे गुलाब मुळापर्यंत खाऊन गेली. डी. बी. साहेब तेव्हा पुण्यातच प्रमुख होते. लेखी खुलासा त्यांनी स्वतःच्या सहीने दिला: 'सदर मेंढ्या संशोधनाचा अविभाज्य भाग आहेत.' असे सहा हिवाळे, चारशे बारा माणसं. एकतीस जणांच्या गाठी निघाल्या, एकतीसही जण आज चालते-फिरते आहेत. एवढं सगळं मिळून पेपर एक. माझ्या वहीत त्याला एकच खूण होती.

निघताना म्हणाल्या, "मामा, भाचीला म्हणावं प्रमुखांचे पेपर वाच. पण दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एक विचार: तुमचं अडलं की प्रमुख मशीनपाशी येतात का?"

माझं मत विचारशील तर दोघांपैकी कोणाकडेही पोर सोन्यासारखी शिकेल. साहेबांनी मॅडम घडवल्या, मॅडम आणखी दहा घडवतायत. पण मला निवडायचं असतं तर मी पुण्यालाच गेलो असतो.

दाजींना नमस्कार, प्रज्ञाला आशीर्वाद.

तुझा,
राजा

ता. क. आत्ताच प्रज्ञाचा फोन आला. तिने दोन्हीकडच्या मुलांना हेच पंधरा दिवसांपूर्वी विचारलं होतं आणि मॅडमचं कॉलेज पहिलं घालून फॉर्म गेल्या गुरुवारीच भरला. 'आईला तुझ्याकडून ऐकल्याशिवाय पटत नाही ना मामा,' म्हणाली. हुशार आहे.

आणखी एक ता. क. शिकवता शिकवता मॅडमचा हात एका जागी थांबला आणि त्या बोलायच्या बंद झाल्या. मी एकतीस वर्षं या खोल्यांत काढलीत, तिथली शांतता मला वाचता येते. उजव्या मूत्रपिंडावर तीन सेंटिमीटरची गाठ आहे. काल सीटी झालं. फार लवकर सापडली, तेवढी काढली की झालं, मूत्रपिंडही राहील, असं मॅडम स्वतः शेजारी बसून म्हणाल्या. ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी. यशोधरेला मी सांगितलेलं नाही. तिला वाटतंय, काल मी प्रज्ञाच्याच कामाला पुन्हा गेलो होतो. खरं म्हणजे हे पत्र मी एवढ्यासाठीच लिहायला घेतलं होतं आणि टोमॅटोत शिरलो. अक्का, रविवारी ये. तिला तू सांग. मी शेजारी बसून राहीन.