मिटल्या तोंडाची कैफियत

शिरूर कासार,
दुकानात बसून, दुपारी

तीर्थरूप कल्याणमामांस सोमेश्वरचा शरणार्थ नमस्कार.

गुडघा कसा आहे? मामी जिना चढू देतात, की अजून खालच्याच खोलीत नजरकैद आहे? इकडे आई बरी आहे, दुकान बरं आहे, मीही वरवर पाहता बराच आहे. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि हे प्रकरण मामींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकावं असं नाही.

तुम्ही सुचवलेल्या माजलगावच्या स्थळाकडे आम्ही रविवारी जाऊन आलो. आई, मी आणि गल्लीतला तानाजी (गाडी त्याची, म्हणून सल्लेही त्याचेच). मामा, प्रणितानं पोह्यांची बशी पुढं केली आणि तेव्हापासून मी घरी परत आलेलोच नाही. नुसतं शरीर आणून दुकानात बसवलंय. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, गल्लीत चिटपाखरू नाही. दुपारी ऊन तेवढं आत येतं, पोत्यांवर जरा टेकतं आणि निघून जातं. डोळे मिटले की ती समोर, आणि दुकानात कुठूनसा कांद्यापोह्यांचा वास. परवा भामाबाईंनी गूळ मागितला तर मी म्हणालो, "या ना, बसा, आपलंच घर आहे." त्या खरोखर आत येऊन बसल्या, चहा घेऊनच उठल्या. आणि एवढं सगळं झाल्यावर तिकडून निरोप काय, तर "बघू, कळवतो." म्हणजे नकारच की! माझा जीव थाऱ्यावर नाही, मामा. मला हीच मुलगी हवी आहे. आणि घोडं कुठं अडलं ते मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या दातांपाशी.

माझे दात तुम्ही पाहिलेच आहेत. तपकिरी पट्टे, पुढच्या दोघांचे कोपरे उडालेले. कुणालाही वाटेल, गडी दिवसभर गुटखा चघळतो. कपिलधारच्या देवस्थानाची शपथ, मी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. सकाळ-संध्याकाळ दात घासतो, तेही असा जोर लावून की ब्रशचा झाडू होतो. मग हे आलं कुठून? म्हणून सोमवारी बीडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी दात नाही, माझं लहानपण तपासलं. पाणी कुठलं पीत होता? गल्लीतल्या बोरचं, म्हटलं. त्या म्हणाल्या, पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दात हिरडीच्या आत घडत असतानाच बिघडतात, पुढं ते वरून घासून निघत नाही. (म्हणजे माझे दात उगवण्याआधीच बदनाम झालेले!) परत येऊन गल्लीत हिंडून पाहिलं. मी, तानाजी, सत्यम, इथं वाढलेले सगळे पट्टेवाले, आणि बाहेरून लग्न होऊन आलेल्या सुना मात्र पांढऱ्याशुभ्र. आमच्या गल्लीत लेक कोण आणि सून कोण, हे हसल्यावर कळतं.

कोपरे उडाले त्याला दुसरी कारणं निघाली. एक म्हणजे दुकानातली चिंच. येता-जाता पोत्यात हात घालून बोटुक तोंडात टाकायची सवय. आंबटानं दाताचं कवच काही वेळ मऊ पडतं म्हणे, आणि मी पडलो टापटिपीचा माणूस, चिंच खाल्ली की लगेच ब्रश घेऊन तुटून पडायचो. दुसरं म्हणजे मी झोपेत दात खातो. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "खातूस की, लहान हुतास तवापस्नं. मला वाटायचं, सपनात ऊस खायलास." मामा, ते खरंच आहे! मला रात्रभर उसाचा एक फड दिसतो. चांदण्यासारखा उजेड, पाचटाची सळसळ, मी कांडं सोलत, चघळत चाललोय आणि फड संपतच नाही. हल्ली पलीकडच्या बांधावर हातात बशी घेऊन कुणी उभं असतं. त्या घाईत मी आणखी जोरानं चावत असणार. सकाळी जबडा ठणकतो, पण मन इतकं गोड असतं की तक्रार करवत नाही.

असे दात घेऊन माजलगावला जायचं म्हणून तानाजीनं गाडीतच ताकीद दिली होती, "बे सोमेश्वर, दात दिसले का गुटखेवाला म्हनतेत. तोंड उघडूच नगं." मी शब्दाला जागलो. पोहे रुमालाआड खाल्ले. तिच्या वडिलांनी धंद्याचं विचारलं, मी मान हलवली. तिच्या काकांच्या विनोदाला सगळे लोळले, मी पंख्याकडे बघत राहिलो. आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं, तिनं विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" आणि मी, जो तिच्याशी मनातल्या मनात आजतागायत बोलतोय, तो म्हणालो, "हूं." इतकी काळजी घेऊनही दात दिसलेच असणार, नाहीतर असा निरोप कशाला आला असता? असो. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
सोमेश्वर

ता. क. : आता खरं काम सांगतो. गुडघा मानत असेल तर प्रणिताच्या घरी जा आणि दोष पाण्याचा, चिंचेचा आणि झोपेचा आहे, पोरगा निर्व्यसनी आहे, असं ठासून सांगा.

आणखी एक : वरचं काम राहू द्या. आत्ता आईला प्रणिताच्या आत्याचा फोन येऊन गेला. दात कुणी पाहिलेलेच नाहीत! मुलगा एकदाही हसला नाही, धड बोलला नाही, म्हणजे त्याला बळंच आणून बसवलंय आणि आपण त्याला पसंत नाही, असं वाटून ती पोर त्या रात्री रडली. मामा, मला फार वाईट वाटलं. आई म्हणते, "दात झाक म्हनलं कुनी, तर मानूसच झाकून आलास व्हय रं!" तुम्ही पत्र मिळताच जा आणि एवढंच सांगा की त्याला ती लई आवडली.

शेवटचं : जाऊ नका, गुडघा सांभाळा. आत्याकडून नंबर घेऊन मीच फोन केला आणि पाण्यापासून उसाच्या फडापर्यंत सगळं एका दमात सांगून टाकलं. ती इतकी हसली की मलाही आवरेना. आता म्हणते, "बघू तरी ते दात," आणि व्हिडिओ कॉल येतोय. पत्र इथंच थांबवतो, मामा. फोन उचलायच्या आधीच माझे सगळे दात बाहेर आलेत.