पहाटेचा पक्षी

बंड्या,

काल फोनवर तू त्या पक्ष्याचं नाव विचारलंस. आईच्या आजारपणात तू सुट्टी काढून आलास, वरच्या खोलीत झोपलास आणि रोज पहाटे खिडकीखाली कोण गातंय म्हणून कवितांवर कविता लिहीत सुटलास, तो पक्षी. नव्या आवृत्तीत तळटीप द्यायची आहे म्हणे.

तो पक्षी म्हणजे आईची चाकाची खुर्ची. तिचं उजवं चाक कुरकुरायचं. तू साखरझोपेत असताना मी आईला मागच्या अंगणातल्या न्हाणीघरात न्यायचे. जाताना तुझं पहिलं कडवं व्हायचं, येताना दुसरं.

पहिली कविता तू आम्हाला वाचून दाखवलीस, तेव्हा हसू दाबायला मी स्वयंपाकघरात पळाले आणि येताना तेलाची बाटली घेऊन आले. तू वर गेल्यावर आईने माझा हात धरला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "निदान एवढं तरी त्याला ऐकू येतंय."

मग मी चाकाला हात लावला नाही. तुझा अख्खा संग्रह झाला.

शेवटच्या कवितेत तू लिहिलंस, की आई गेली त्या दिवसापासून पक्षी गप्प झाला. त्यात मात्र एक अक्षर खोटं नाही.

हे पत्र काही मी पोस्टात टाकणार नाही. पुन्हा फोन केलास की एवढंच सांगेन, नाव ठाऊक नाही बाबा. पण उडताना कधी दिसला नाही.

तुझी,
खालच्या मजल्यावरची ताई