उमेदवार कुठे जेवतो

॥ श्री ॥
कुंभकोणम्, २ फेब्रुवारी १९५३

चि. हयग्रीवास कृष्णवेणीचे आशीर्वाद. इकडील क्षेम, तिकडचे कळव.

गेल्यापासून तुझे एकच कार्ड, त्यातली निम्मी जागा डासांना दिलीस. सरकारने तुला महसूल खात्यात उमेदवार म्हणून घेतले तेव्हा मी अग्रहारातल्या घरोघरी साखर वाटली. आता म्हणतात, उमेदवारांनी आधी दीड महिना खेड्यात राहून काम शिकायचे. ही कसली नवी शिकवण? तुझे आजोबा तीस वर्षे ताल्लुका कचेरीत होते. फायली नकलून शिकले. त्यांना कुणी बांधावर धाडले नाही.

जाताना कबूल केलेस ते ध्यानात आहे ना? आपल्या माणसांखेरीज कुणाकडचे अन्न नाही, पाणी नाही. त्या गावचे मिरासदार सुंदरराव आजोबांच्या मावसभावाचे चिरंजीव. दोन्ही वेळा त्यांच्याकडेच जेव. तुझी बहीण अंबुजा म्हणते, दादाला भात आणि गवत वेगळे ओळखता येत नाही, तो कुळे काय ओळखणार. मी तिला दटावले, पण खोटे काय बोलली?

माया आहे तेवढी आहे, लिहून वाढत नाही. पत्र मात्र धाड.
कृष्णवेणी


मुक्काम शिबिर, मन्नारगुडी ताल्लुका
११ फेब्रुवारी १९५३

ती. आजीस हयग्रीवाचा सा. न. वि. वि.

प्रकृती ठीक. मन ठीक नाही. शिबिराच्या साहेबांनी मला या गावच्या कुळांची यादी करायला दिली आहे. नवा कायदा असा की, जमीन कसणाऱ्याचे नाव यादीत गेले तर मिरासदाराला त्याला उठवता येणार नाही. नाव यादीतून राहून गेले तर कापणीनंतर तो बाहेर. यादी अठ्ठावीस तारखेला द्यायची.

रोज सकाळी सुंदररावांच्या तिण्णैवर, दाराबाहेरच्या ओट्यावर, बसून एकेकाला बोलावतो. सगळे पाठ केल्यासारखे सांगतात की आम्ही मजुरीवर येतो, कूळ नाही. महालिंग नावाचा एक जण आहे. वीस वर्षे एकच शेत कसतो, बांधावरचे माड त्याच्या हातचे. तोही मजूर म्हणतो, आणि म्हणताना माझ्या पायांकडे बघतो. मी दोनदा, तीनदा विचारले. यादी कोरी आहे. झोप लागत नाही. हे सोडून बँकेत कारकुनी करावी असे वाटू लागले आहे.

सुंदरराव फार अगत्य करतात. तूप वाढताना हात आखडत नाहीत. अंबुजेला सांग, भात ओळखता येतो.

आशीर्वादाची वाट बघणारा,
हयग्रीव


कुंभकोणम्, १५ फेब्रुवारी १९५३

चि. हयग्रीवास आशीर्वाद.

तुला तिथे बसून जे दिसत नाही ते मला चुलीपुढून दिसले. तू सुंदररावांच्या तिण्णैवर बसतोस, त्यांच्या विहिरीवर हात धुतोस, ढेकर देतोस त्याला त्यांच्या तुपाचा वास. आणि महालिंगाने तुला सांगावे की शेत माझे आहे? तो काय खुळा आहे?

तुझे आजोबा पुढे कामासाठी असेच गावी जात, मिरासदाराच्या पानावर जेवत, आणि घरी येऊन म्हणत, गाव सुखी आहे. मी तीस वर्षे ते ऐकले. एकदाही विचारले नाही की कुणी सांगितले. तुझ्याकडून जेवणाचे वचन घेतले तेही मीच.

त्या वचनातून मी तुला सोडवते. तिण्णैवरून ऊठ. महालिंगाच्या दारात जा, जे देईल ते खा. नाक मुरडलेस तर जाऊच नकोस, त्यांना ते लगेच कळते. बँकेचे नाव पुन्हा काढलेस तर पत्र वाचणार नाही.

गुडघे दुखतात. त्याचे काही नाही.
कृष्णवेणी


शिबिर, २२ फेब्रुवारी १९५३

ती. आजीस सा. न. वि. वि.

गेलो. पहिल्या दिवशी महालिंगाच्या बायकोने दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशी म्हणाली की तुम्हा ब्राह्मण अय्यांना आमची पेज चालायची नाही. मी ओट्यावर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी तिने पेज आणि सुकी मिरची दिली. मी खाताना महालिंग समोर उभा होता. वाडगे रिकामे झाल्यावर तो खाली बसला आणि बोलू लागला. संध्याकाळपर्यंत आणखी नऊ जण आले. कोण किती वर्षे कसतो, कुणाला काय म्हणायची तंबी होती, सगळे निघाले.

सुंदररावांनी माझे पान बंद केले. म्हणतात, पोरगा भ्रष्ट झाला, वडीलधाऱ्यांना न विचारता कुठेही खातो, अशाची यादी कोण मानील. यादीआधी मला शिबिरातून काढवायचे म्हणून ते तुझ्याकडे निघाले आहेत. साहेब म्हणतात, निभावशील तर यादीवर सही कर. नावे अजून पेन्सिलीनेच लिहिली आहेत, आजी.

तुझाच,
हयग्रीव


कुंभकोणम्, २४ फेब्रुवारी १९५३

चि. हयग्रीवास आशीर्वाद.

सुंदरराव काल येऊन गेले. पोराने माझ्या परवानगीशिवाय बाहेरचे खाल्ले असे लिहून द्या म्हणाले. मी कागद मागितला आणि लिहिले की हयग्रीव महालिंगाकडे माझ्या सांगण्यावरून जेवला. खाली सही केली. त्यांनी वाचले, घडी केली, ताक न पिता उठले. निघताना म्हणाले की काकू, आता तुम्हाला मठात कोण विचारील. मी म्हटले, जाऊन बघते.

आज सकाळी गेले. तीर्थासाठी हात पुढे केला. आचार्यांनी पळी थांबवली. मागे बायांची रांग, कुजबुज. मी हात काढला नाही. शेवटी ते मला वगळून पुढच्या बाईकडे वळले. उद्या पुन्हा जाणार, तीच वेळ, तोच हात.

पेन्सिल बाजूला ठेव. महालिंगाचे नाव आधी लिही, मग बाकीच्यांचे, आणि शाईने लिही.
कृष्णवेणी